उभ्यानं कापलेले केस

ताईच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एक फिरती खुर्ची आहे. वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आहे. ताईला बसायला काही नाही. ते तिनं मुद्दामच ठेवलेलं नाही. बसून कापलेले केस बसके दिसतात, असं ती म्हणते. हे खरं नाही. पण ती इतक्या गंभीरपणे सांगते की खुर्चीतल्या बायका मान हलवतात, आणि मग मान हलवली म्हणून बोलणी खातात.

ती उभी राहते ती अशी. गुडघे एकमेकांना चिकटलेले. टाचा जमिनीपासून थोड्या उचललेल्या. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली. कमरेखाली ती लाकडाची आहे असं वाटतं. वरती तिचे हात मात्र मोकळे असतात. दारातून पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही आत्ता कोसळणार. ती कोसळत नाही. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत ती तशीच असते.

ताई दिवस भरायच्या आत जन्मली. पहिला श्वास घ्यायला तिनं वेळ लावला. तेवढ्या वेळात मेंदूतून पायांकडे जाणारा निरोप कुठेतरी बिघडला, तो कायमचा. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. डोकं शाबूत, हात शाबूत, जीभ तर गरजेपेक्षा जास्त शाबूत. पाय तेवढे सदा आवळलेले. चालताना एक गुडघा दुसऱ्यावर घासतो आणि पाऊल पाऊल ओलांडून पलीकडे पडतं.

"याला आम्ही कात्रीची चाल म्हणतो," पुढे एकदा डॉक्टरनं तिला सांगितलं.

"म्हणजे धंदा पायातच होता," ताई म्हणाली. "मी उगाच हातात शोधत बसले."

दुकानाच्या मागेच ताई आणि तिची आई राहतात, मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. साहित्य घेऊन बीए झाले आणि नोकरी लागेपर्यंत तिच्या बाकावर जाऊन बसायला लागले. नोकरी अजून लागलेली नाही. ती मला साहित्य म्हणते. 'साहित्य, ते साहित्य दे इकडे,' म्हणजे कंगवा, चिमटे आणि छोटी कात्री. हा विनोद ती रोज करते. गिऱ्हाईक नवीन असेल तर दोनदा करते.

तिच्या रात्रींबद्दल मला उशिरा कळलं. दिवसभर उभं ठेवणारे पाय रात्री तिच्यावर उलटतात. पोटऱ्यांत गोळे येतात. मांड्या एकमेकींना दाबून धरतात. पाय झटका मारतो आणि ती जागी होते. मग आई जागी होते. अंधारातच चाचपत आई पाय मांडीवर घेते, टाच तळहातात धरते आणि पाऊल वरच्या बाजूला दाबत राहते, स्नायू सोडेपर्यंत. मग दुसरा पाय. ताई पस्तिशीला आली. म्हणजे आई पस्तीस वर्षं सलग झोपलेली नाही.

आईच्या बोटांचे सांधे सुजले म्हणून ती हॉस्पिटलमध्ये गेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हातांना काय काम असतं? आईनं सांगितलं. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं आणि तिला चौथ्या मजल्यावर पाठवलं. तिथे संशोधन चालायचं.

"बोटं माझी दुखतात आणि उपचार तुझ्यावर होणार आहेत," आईनं घरी येऊन ताईला सांगितलं. "उद्या दुकान बंद ठेव."

"विचारलंस का मला?"

"आता सांगतेय ना."

मीही गेले. कोणीतरी हात धरायला हवं होतं आणि आईचे हात दुखत होते.

चौथ्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती. जमिनीवर सरळ पट्टा आखलेला. भिंतींवर वर कॅमेरे. तिथली डॉक्टर ताईपेक्षा लहान होती. पायात साधे कापडी बूट, केस रबरात कसेतरी कोंबलेले. ताईचं लक्ष आधी त्या केसांकडे गेलं, मग डॉक्टरकडे.

"लहान मुलांवर याचा पुष्कळ अभ्यास झालाय," डॉक्टर म्हणाली. "ती मुलं मोठी होतात, नोकरीधंदा करतात, त्यांचं पुढे काय होतं, हे फारसं कोणी बघितलेलं नाही. आम्हाला ते बघायचंय."

मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. शून्य ते दहामध्ये उत्तर द्यायचं. दुखणं किती? झोप किती? आणि मग, "पाय किती ताठ वाटतात?"

"शून्य," ताई म्हणाली. "ताठ कुठले? हे बघा ना, किती वाकडे आहेत."

डॉक्टर हसली. "तसं नाही. ताठ म्हणजे आखडलेले. कडक. न वाकणारे."

"अच्छा. तुमच्याकडे ताठ म्हणजे वाईट."

"इथे, हो."

"मग दहा लिहा."

डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं. मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या स्नायूंत इंजेक्शन द्यायचं. त्यानं स्नायू सैल पडतात. परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा द्यायचं. पण काही जणांनाच औषध मिळणार, बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे ना पेशंटला कळणार, ना डॉक्टरला. नाहीतर माणूस मनानंच बरा होतो आणि डॉक्टर मनानंच त्याला बरं धरतो.

"मिठाचं पाणी निघालं तरी हरकत नाही," ताई म्हणाली. "टोचल्या मिठाला जागेन."

"अजून एक," डॉक्टर म्हणाली. हे तिनं सावकाश सांगितलं, मला आठवतंय. "कडकपणा गेला की पायांची मूळची ताकद उघडी पडते. ती कमी असली तर उभं राहणं काही काळ जड जाऊ शकतं. तसं वाटलं तर लगेच फोन करायचा. समजलं?"

ताई म्हणाली समजलं. आई म्हणाली समजलं. मी मान हलवली. आम्ही तिघींनी त्यातलं सैल एवढंच ऐकलं होतं.

मापं घ्यायला वेगळा माणूस होता. शांत, चष्मेवाला फिजिओथेरपिस्ट. तो पाय हातात घ्यायचा, हळू वाकवायचा, मग एकदम वाकवायचा, आणि आकडा बोलायचा. त्याच्यापुढे औषधाबद्दल अक्षर काढायचं नाही असा नियम होता. आपल्या बोलण्यानं त्याचा हात फिरायला नको. ताईनं त्याचं नाव शिंपी ठेवलं. शिंप्यानं तिच्या पायांवर चमकणारे छोटे गोळे चिकटवले आणि तिला पट्ट्यावरून चालायला लावलं. पडद्यावर ती नव्हतीच. नुसते ठिपके होते, अंधारात चालणारे. एक ठिपका दुसऱ्याला घासून पुढे जात होता.

"ही मीच," ताई म्हणाली. ती जरा वेळ बघत राहिली. "केस कापायचे राहिलेत हिचे."

सुया टोचल्या. आम्ही घरी आलो.

मग वाट पाहणं सुरू झालं. काय वाटतंय, काय वाटतंय, असं आई सारखी विचारायची. ताई कंगवा उचलायची, ठेवायची. दुकानात कोणी नसलं की आरशासमोर उभी राहून एक पाय बाजूला न्यायचा प्रयत्न करायची. मीही नीट वाचू शकत नव्हते. तेच पान पुन्हा पुन्हा. एखाद्या सकाळी ती म्हणायची, औषधच आहे. संध्याकाळी म्हणायची, मीठ आहे, नक्की मीठ.

आठवडा सरता सरता एका सकाळी मी खाली गेले तर दार बंद होतं. बराच वेळ ठोठावलं. आईनं दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या शिवणीची रेघ. ती ओशाळली होती.

"डोळाच उघडला नाही," ती म्हणाली. "तिनं उठवलंच नाही."

मागे ताई पलंगाच्या कडेला बसली होती. गुडघ्यांत अंतर होतं. तिनं त्या अंतरात हाताची मूठ ठेवून मला दाखवली. मूठ मावत होती.

ते दिवस चांगले होते. ताई रात्री झोपत होती. आई झोपत होती. आईच्या बोटांची सूज उतरली. दुपारी ती शेजारणींशी बोलत दारात उभी राहायला लागली. पूर्वी ती दुपारी कुठेही बसली की मान टाकायची. एकदा ती ताईला म्हणाली, "मला स्वप्न पडलं." बस, एवढंच. काय पडलं ते तिला आठवत नव्हतं. स्वप्न पडण्याइतकी झोप लागली याचंच तिला नवल वाटत होतं.

दुकानात मात्र काहीतरी बिनसलं होतं.

आधी मला ते कळलं नाही. ताई मधेच थांबायची. कात्री वर धरून, जणू विचार करतेय. मग खुर्चीच्या पाठीवर पोट दाबायची आणि पुन्हा सुरू करायची. गप्पा कमी झाल्या. माझ्यावरचा विनोद दिवसातून एकदाच. एका दुपारी तिचा गुडघा पुढे वाकला. अचानक, कोणी मागून ढोसल्यासारखा. तिनं खुर्चीचा हात पकडला. खुर्ची फिरली, खुर्चीतली बाई फिरली.

"नवीन पद्धत आहे," ताई बाईला म्हणाली. "केस चारी बाजूंनी बघायचे."

बाई गेल्यावर मी म्हटलं, "डॉक्टरला फोन कर."

"कशाला?"

"तिनं सांगितलं होतं."

"पाय सैल झाले तर वाकणारच. वाकायला पाहिजे म्हणूनच तर टोचलं."

"मग स्टूल आणू का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी केस झाडायला घेतले.

तिचं म्हणणं मला नंतर थोडं कळलं. पाय लहानपणापासून कधीच तिचं ऐकत नव्हते, पण कडक होते. त्या कडकपणावर ती उभी होती, काठीवर कपडा उभा असावा तशी. स्वतःची ताकद तिला कधी लागलीच नव्हती. आता काठी काढून घेतली होती. आणि ती काठी परत मागितली तर आईची झोप जाणार होती. म्हणून तिनं फोन केला नाही. कोणाला काही सांगितलं नाही. मलाही नाही. पोट खुर्चीला दाबून ती उभी राहत राहिली.

मग शाळेच्या बाई आल्या.

त्या निवृत्त झाल्या आहेत, पण सगळे अजून शाळेच्या बाई म्हणतात. त्यांचे केस मानेशी सरळ रेषेत कापलेले असतात, पट्टीनं आखल्यासारखे. ती रेषा ताईच कापते, कितीतरी वर्षं. त्या दिवशी गर्दी होती. ताईनं उजवीकडून सुरुवात केली, मागून फिरत डावीकडे आली. कात्रीचा आवाज नेहमीसारखा होता. मी बघत होते. मला काहीच दिसलं नाही. बाईंनी आरशात पाहिलं, छान म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. बाकावर बसल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या.

"मला एक सांग," त्या ताईला म्हणाल्या. "माझी मान कलते की माझा आरसा?"

ताईनं त्यांना खुर्चीत बसवलं. समोरून पाहिलं. मग मागून पाहिलं. डावीकडचे केस उजवीपेक्षा खाली होते. बोटभर. रेषा वाकडी नव्हती. सरळच होती, पण उतरती. घाटाचा रस्ता उतरतो तशी.

 ताई कंगवा हातात घेऊन उभी राहिली.

मला समजायला वेळ लागला. तिला लगेच समजलं होतं. उजवीकडून डावीकडे येईपर्यंत तिचे गुडघे थोडे थोडे वाकत गेले होते. ती सगळीच खाली गेली होती, डोळे, हात, कात्री. तिला ते जाणवलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर रेषा सरळ होती. केस सरळच कापले होते तिनं. ती स्वतः बुडत होती.

"माफ करा बाई," ती म्हणाली. "मी तेव्हा जागेवर नव्हते."

"अगं, होतीस की. आणि केसच आहेत ते, वाढतील."

"उजवीकडचे वर गेलेत. डावे त्यांना मिळवायचे तर आखूड होतील."

"कर आखूड. मला काय लग्नाला उभं राहायचंय?"

ताईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "वरून तुझी खुर्ची आण."

मी आणली. ती बसली. बाईंच्या मागे, खाली, खांद्याच्या उंचीवर तिचं डोकं. हात वर करून तिनं डावी बाजू कापली. रेषा बरोबर आली. बाई खूश होऊन गेल्या. खुर्ची वर न्यायला गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताई अजून तशीच हात वर धरून बसली आहे. आरशात तिला आपलं कपाळच फक्त दिसत असणार.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. आवाज जिन्यातून वर येत होते. मी उतरून दारात जाऊन उभी राहिले, कोणी मला आत ये म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही.

"बसून कर," आई म्हणत होती. "जगात लोक बसून काम करत नाहीत?"

"करतात."

"मग?"

"मी करत नाही."

"पायातला ताठा गेला, डोक्यातला तेवढा राहिला."

"तो तुझ्याकडून आलाय."

"दुसरं इंजेक्शन जवळ आलंय. तू हो म्हणायचं. मी सांगून ठेवते."

"आणि पडले तर?"

"पडशील तेव्हा उचलीन."

"कोणत्या हातांनी?"

 आईनं आपले हात पाहिले, दोन्ही बाजूंनी, कोणाचे तरी दुसऱ्याचे असावेत तसे. सूज नव्हती. ती म्हणाली, "बरे झालेत बघ." तो आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मागणं होतं त्यात. ताईनं मान फिरवली.

पुढचे दिवस वाईट गेले. भांडण झालं नाही. ताई सकाळी हो म्हणणार असायची. तसं ती मला सांगायची, मी न विचारताच. मी बसून कापायला शिकेन. आईला झोप मिळतेय, अजून काय पाहिजे? दुपारी तिला तेच वाक्य पुरं करता यायचं नाही. माझी खुर्ची आता खालीच राहिली होती. ती तिच्यावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. दोन गिऱ्हाइकं तिनं बसून केली. तिसरं आलं तेव्हा उभी राहिली आणि मधेच खुर्चीला लटकली. गुडघ्यावर काळंनिळं झालं होतं. ते तिनं आईला दाखवलं नाही. मला दाखवलं, आणि बोट ओठांवर ठेवलं.

"सांगून टाक डॉक्टरला," मी म्हटलं.

"सांगितलं की ती थांबवेल."

"मग थांबेल."

"मग आई?" ती म्हणाली. "तू सांग. तू एवढी पुस्तकं वाचलीस."

मी झाडू उचलला.

चौथ्या मजल्यावर जायचा दिवस आला. आई दाराबाहेरच्या बाकावर बसली. आत जाताना तिनं ताईचा दंड धरला आणि एवढंच म्हणाली, "हो म्हण." ताईनं मान हलवली. मला वाटलं, झालं.

शिंप्यानं मापं घेतली. पाय हळू वाकवला, मग एकदम. पाय कुठेही अडला नाही. त्यानं आकडा सांगितला, तो आधीच्या आकड्याच्या निम्माही नव्हता. त्याला आनंद झाला होता. चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यानं चष्मा पुसला. पट्ट्यावर ठिपके चालले. गुडघ्यांचे ठिपके एकमेकांना न लागता गेले. ते सुंदर दिसत होतं. मी खोटं कशाला बोलू?

तो बाहेर गेला आणि डॉक्टर आत आली. पुन्हा तेच प्रश्न. दुखणं? एक. झोप? आठ. डॉक्टरही आता हसत होती.

"पाय किती ताठ वाटतात?"

ताईनं गुडघ्यांकडे पाहिलं.

"म्हणजे कडक," डॉक्टरनं आठवण करून दिली.

"माहितीये. दोन."

"वा."

"ते वा नाहीये," ताई म्हणाली. "मला उभं राहता येत नाही."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. ताई बोलायला लागली. गुडघा कसा जातो, खुर्ची कशी फिरली, बाईंची रेषा, माझी खुर्ची. काळंनिळंही दाखवलं. एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही.

"पडलात का?"

"मी नाही पडले. केस पडले. उतारावर."

"फोन का नाही केलात? त्यासाठीच नंबर दिला होता."

"सगळं चांगलं चाललं होतं. आई झोपत होती."

डॉक्टर रागावली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली. "मी तुम्हाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. आम्ही ऐकलं नाही. अर्धंच देता का औषध? मांड्यांना द्या, पोटऱ्यांना नको."

"अभ्यासात नाही देता येत. सगळ्यांना ठरलेलंच. तुमच्यापुरतं बदललं तर शेवटी कशाचा काय परिणाम झाला हे कळणारच नाही. अभ्यास संपल्यावर तुमच्या पायांना बेतून काही करता येईल. व्यायामानं ताकदही थोडी वाढेल. पण वेळ लागेल."

"किती?"

"खरं सांगू? नाही माहीत."

खोलीत कॅमेऱ्यांची बारीक घरघर होती. ताईनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, त्यांना धरून ठेवल्यासारखे.

"सुई नको," ती म्हणाली.

"नक्की?"

"नको. पण मापं द्यायला येईन मी. चालेल?"

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. "याल? सुई सोडली की बहुतेक जण फिरकत नाहीत. मग आमच्या हातात ज्यांना बरं वाटलं तेवढेच राहतात."

"मग तर येतेच. ते पडलेले केसही मोजायला पाहिजेत कुठेतरी."

 मला धक्का बसला होता. ताईला किती दुखतं ते मी ऐकलं होतं, भिंतीतून, फरशीतून. तिनं ते दुखणं परत मागून घेतलं होतं, साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला किती आखूड करायचे विचारावं तसं.

बाहेर आई उभी राहिली. "टोचलं?"

"नाही."

आईनं पिशवी उघडली, आत पाहिलं, बंद केली. "बरं," ती म्हणाली. "चला, बस जाईल."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मी मागे. आई म्हणाली, "निदान मला विचारायचंस."

"तू सुई सोडू नको म्हणाली असतीस."

"म्हणून तर."

"आणि मग मला नाही म्हणता आलं नसतं."

आई खिडकीबाहेर पाहत राहिली. मग तिनं न बघताच हात ताईच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबून पाहिलं. अजून मऊच होता.

औषधाचा जोर हळूहळू उतरला. ताई रोज सकाळी गुडघ्यांमध्ये मूठ घालून पाहायची. मूठ मावेनाशी झाली. मग चार बोटं. मग एका सकाळी बोटही जाईना. त्या दिवशी तिनं माझी खुर्ची वर पाठवून दिली. पुढच्या मापांच्या वेळी शिंप्यानं पाय वाकवला, तो मधेच अडला. त्यानं दुसऱ्यांदा वाकवला. काय झालं हे विचारायची त्याला परवानगी नव्हती. ताईला सांगायची नव्हती. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले.

"शिवून द्या आता, जसंच्या तसं," ताई म्हणाली. तो पहिल्यांदा हसला.

परवा शाळेच्या बाई आल्या. केस मानेपर्यंत वाढले होते. ताईनं खुर्चीला कंबर टेकली, गुडघे जुळवले, उजवीकडून सुरुवात केली. बोलता बोलता, माझ्यावर तो विनोद करत. डावीकडे पोचली तेव्हा तिनं दोन्ही बाजूंचे केस बोटांत धरून आरशात ताणून पाहिले. सारखे होते.

तेवढ्यात आई आली. हल्ली ती दुपारी दुकानात येते.  सरळ बाकावर जाऊन आडवी होते, पिशवी डोक्याखाली घेते. मी उठून भिंतीला टेकून उभी राहते. रात्रीची झोप ती इथे घेते, जमेल तेवढी.

"बाई, जरा हळू बोलू," ताई म्हणाली.

बाईंनी मान हलवली. ताई ओरडली नाही. तिनं मोठी कात्री ठेवली आणि छोटी घेतली. तिचा आवाज कमी येतो. ती मागच्या बारीक केसांवर सावकाश काम करत राहिली. मधेच तिच्या डाव्या पायाला झटका आला, टाच फरशीवर आपटली. ती तशीच थांबली. कात्री केसांपासून दूर धरून.

बाकावर आई झोपेतच होती. फक्त तिचा पोटावरचा हात उघडला, मिटला, उघडला. टाच धरावी तसा.